दुसरा दिवा

आमच्या शाळेत दर हिवाळ्यात विज्ञान-प्रदर्शन भरते. मी मराठीचा मास्तर. कॉलेजची पायरी मी चढलो नाही, त्यामुळे विज्ञानाशी माझा परिचय मॅट्रिकच्या पुस्तकापुरताच आहे. तरीही त्या वर्षी परीक्षकांपैकी एक जण आयत्या वेळी आला नाही आणि त्याची वही माझ्या हाती आली. मुलांनी मांडलेले ज्वालामुखी, पवनचक्क्या आणि थर्माकोलची फुप्फुसे पाहत मी टेबलामागून टेबले ओलांडीत होतो. अगदी शेवटच्या टेबलावर नववीतला एक मुलगा उभा होता. त्याच्यासमोर डोक्याला बांधायचा एकच रुंद पट्टा होता आणि त्या पट्ट्यावर शेजारी शेजारी दोन दिवे होते.

बाजारात मिळतात तसलेच ते स्वस्त हेडलॅम्प होते. दोहोंचे मूळचे पट्टे काढून टाकून त्याने ते एका जाड इलॅस्टिकवर ओवले होते. आईने घरच्या शिलाई मशीनवर दिव्यांच्या मागे घरे शिवून दिली होती, म्हणजे दिवे सरकू नयेत. कपाळाला काचू नये म्हणून आतून जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा लावला होता. दोन दिव्यांच्या भाराने पट्टा नाकावर घसरतो, म्हणून टाळूवरून मागे जाणारी आणखी एक पट्टी जोडली होती आणि एका दिव्याची बॅटरी मागे, मानेच्या वर नेऊन बसवली होती. हे सगळे मी आज सांगतो आहे. त्या दिवशी मी यातले काहीही नीट पाहिले नाही.

मी म्हणालो, "अरे, दुप्पट उजेड हवा तर एक मोठा दिवा घ्यावा. दोन दिवे लावून काय मोटार व्हायचं आहे तुला?"

भोवतालची मुले हसली. तो लाल झाला. खाली मान घालून म्हणाला, "उजेडासाठी नाही, सर. एका वेळी एकच लावायचा."

"मग दुसरा कशाला?"

"एक गेला तं मंग?"

मी पुढच्या टेबलाकडे वळलो आणि वहीत शेरा लिहिला: 'कल्पनेत नावीन्य नाही. उपयोग मर्यादित.' मुलाला बक्षीस मिळाले नाही. मीही ते सारे विसरून गेलो.

महिन्याभराने पालकांच्या सभेला त्याचे वडील आले. आमचा मुलूख कोळशाचा. वणी, बल्लारपूर, चंद्रपूर या भागातल्या गावांत घरटी एखादा माणूस खाणीवर असतोच. हे गृहस्थ आता उघड्या खाणीत काम करतात, परंतु त्यापूर्वी बरीच वर्षे ते जमिनीखाली होते. सभा संपल्यावर थांबले आणि अगदी सहज म्हणाले, "गुरुजी, पोराचा तो पट्टा तुम्हाला आवडला नाही म्हणे." त्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला उत्तर सुचेना.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. खाणीत एकदा त्यांचा दिवा अचानक गेला. सोबती वळणापलीकडे गेलेला. खाणीतला अंधार घरातल्या अंधारासारखा नसतो. घरात थोड्या वेळाने डोळा सरावतो, खिडकीची चौकट दिसू लागते. तेथे डोळा कशाला सरावणार? उजेडाचा कणही नसतो. नवीन माणसाला पहिला धडा दिला जातो तो हाच, की दिवा गेला तर चालायचे नाही. जेथे असाल तेथे बसायचे आणि हाक मारायची. ते बसले. सोबती परत येईपर्यंत किती वेळ गेला ते त्यांना आजही सांगता येत नाही. "दहा मिनिटं असतील, नाही तर तास असेल," ते म्हणाले. "पोराला मी ही गोष्ट सांगितली होती. तिच्यातूनच त्यानं ते बनवलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली. परंतु 'कल्पनेत नावीन्य नाही' हे माझेच वाक्य नंतर पुष्कळ दिवस माझ्या मागे लागले. नावीन्य नाही, म्हणजे ही कल्पना जुनी आहे. मग किती जुनी? कोणाची? ते शोधायला मी वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

डोक्यावर दिवा वाहण्याची चाल आपल्याकडेही आहे. वरातीत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायामाणसांना माझ्या पिढीने पाहिले आहे. पण तो दिवा दुसऱ्यांसाठी असे. नवरदेवाच्या फेट्यावर उजेड आणि बत्ती वाहणारीच्या पायाशी तिचीच सावली. दिव्याखाली अंधार ही म्हण तिच्याइतकी कोणाला लागू पडणार? खाणकामगाराचा दिवा मात्र त्याचा स्वतःचा. मान वळेल तिकडे तो वळतो आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींतले कामगार एकोणिसाव्या शतकात राळ लावून कडक केलेली फेल्टची टोपी घालीत. टोपीच्या पुढच्या बाजूला ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यात चरबीची मेणबत्ती खोचायची, हा त्यांचा हेडलॅम्प. त्या काळच्या चित्रांत आणि छायाचित्रांत आणखी एक वस्तू दिसते, ती नीट पाहण्यासारखी आहे. कोटाच्या गुंडीला वातींनी बांधलेला मेणबत्त्यांचा एक झुबका लोंबत असतो. टोपीवर एक जळते आहे आणि छातीवर बाकीच्या वाट पाहत आहेत. माझ्या विद्यार्थ्याचा दुसरा दिवा मला प्रथम येथे भेटला.

हेच कॉर्निश लोक पुढे जगभर पसरले. जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० साली म्हैसूर संस्थानात कोलारच्या सोन्याच्या खाणी हाती घेतल्या, तेव्हा ते कोलारलाही आले. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या आणि २००१ साली बंद झाल्या. पण तेथेही दिव्याचा पहिला धडा शिकवायला आली ती मेणबत्तीच.

कथलाच्या खाणीत उघडी ज्योत चालते. कोळशाच्या खाणीत ती काळ ठरते, कारण कोळशातून मिथेन वायू सुटतो. हवेत तो ठरावीक प्रमाणात मिसळला आणि ज्योत भेटली की स्फोट होतो. २५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमध्ये फेलिंग येथील खाणीत असाच स्फोट झाला आणि ९२ माणसे व मुले मेली. मुले हा शब्द मी मुद्दाम लिहितो. त्यांतली पुष्कळशी माझ्या नववीच्या वर्गापेक्षाही लहान होती. त्या दुर्घटनेने लोक हादरले. डॉक्टर क्लॅनी, इंजिनियर जॉर्ज स्टीव्हन्सन आणि रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही असे तिघे जण वेगवेगळ्या वाटांनी निर्धोक दिव्याच्या मागे लागले. डेव्हीने १८१५ साली ज्योतीभोवती तारेच्या बारीक जाळीचा पडदा घातला. चौरस इंचाला ७८४ छिद्रे असलेली ती जाळी उष्णता शोषून घेते आणि आतली आग बाहेरच्या वायूला लागू देत नाही. डेव्हीने या शोधाचे पेटंट घेतले नाही, ही गोष्टही त्याच्या खात्यावर मांडली पाहिजे.

या दिव्यात एक गुण असा होता की जो कोणी मागितला नव्हता. हवेत मिथेन असला की ज्योतीच्या माथ्यावर निळसर टोपी चढे. हवेत प्राणवायू कमी असला की ज्योत मंदावे. म्हणजे दिवा वाट दाखवी आणि हवाही दाखवी. मात्र वाट फारच अंधुक दाखवी. जाळीतून उजेड निम्मा गळून जाई. कंटाळलेले कामगार जाळी काढून उघड्या ज्योतीवर काम करीत आणि मरत. शेवटी दिव्यांना कुलपे लावावी लागली. आणखी एक कडू गोष्ट अशी की, निर्धोक दिवा आला म्हणून मालकांनी पूर्वी वायूच्या भीतीने सोडलेल्या खाणी पुन्हा उघडल्या. जीव वाचवण्यासाठी केलेल्या दिव्याने माणसांना अधिक धोक्याच्या जागी नेले.

पुढे १८९२ साली अमेरिकेत टॉमस विल्सन नावाच्या माणसाच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड तयार झाले, तेही भलतेच काही करायला जाताना. आंबे पिकवायला चोरून वापरतात म्हणून आपल्याला माहीत असलेले कार्बाइड ते हेच. त्यावर पाण्याचा थेंब पडला की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो झगझगीत पांढऱ्या ज्योतीने जळतो. वरच्या डबीत पाणी, खालच्या डबीत कार्बाइड, पुढे चकचकीत वाटी, असा मुठीएवढा दिवा टोपीवर बसू लागला. उजेड उत्तम, पण ज्योत उघडीच. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील जेड येथील खाणीत १९१२ साली कामगाराच्या उघड्या ज्योतीने वायू पेटला आणि ऐंशीच्या आसपास माणसे गेली. ते पाहिलेल्या जॉन रायन आणि जॉर्ज डाइक या दोन खाण-इंजिनियरांनी टॉमस एडिसनला गाठले. १९१४च्या सुमारास कमरेला बॅटरी, पाठीवरून वर जाणारी वायर आणि टोपीवर बंद काचेतला विजेचा दिवा अशी योजना तयार झाली. आज आमच्या भागातला खाणकामगार जो दिवा बांधून खाली जातो तो त्याच घराण्यातला.

येथे मला माझ्या विद्यार्थ्याची दुसऱ्यांदा आठवण झाली. या विजेच्या टोपी-दिव्यांच्या पुढच्या पिढ्यांत एकाच काचेमागे दोन दिवे बसवीत. एक मोठा आणि एक बारीकसा. मोठा उडाला की बटण फिरवायचे, बारीक पेटतो. त्या उजेडात कोळसा फोडता येत नाही, पण परतीची वाट दिसते. दुसरे असे की, विजेच्या दिव्याला हवा कळत नाही. तो विषारी हवेतही तितक्याच डौलाने जळत राहतो. म्हणून विजेचा दिवा आल्यावरही डेव्हीच्या घराण्यातला ज्योतीचा दिवा पुष्कळ वर्षे खाणीतून गेला नाही. आपल्याकडे तो मायनिंग सरदाराच्या हाती राहिला. डोक्यावरचा दिवा वाट पाही आणि हातातला दिवा हवा पाही.

खाणीच्या बाहेर, केवळ हौसेने किंवा उदरनिर्वाहासाठी गुहांत शिरणाऱ्या माणसांनी हाच धडा वेगळ्या रीतीने गिरवला. अमेरिकेतील केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स नावाचा शेतकरी होता. वय ३७. त्या भागात गुहा दाखवून पैसे मिळवण्याची चढाओढ लागलेली होती. ३० जानेवारी १९२५ रोजी तो एका अरुंद गुहेत एकटाच एक कंदील घेऊन शिरला. परतताना चिंचोळ्या वाटेत कंदील कलंडला आणि विझला. अंधारात सरपटताना पायाचा धक्का लागून एक दगड निसटला आणि त्याच्या घोट्यावर अडकला. दगडाचे वजन किती? बारा किलोंच्या आसपास. आपल्याकडच्या पाट्याएवढे. पण वाट इतकी अरुंद की त्याचा हात तेथवर पोचेना आणि सुटकेला आलेल्यांनाही त्याला ओलांडून पलीकडे जाता येईना. विल्यम मिलर नावाचा एक किरकोळ अंगाचा बातमीदार सरपटत त्याच्याजवळ पोचला, त्याला घास भरवला, त्याच्याशी बोलला. त्याच्या अंगाला ऊब मिळावी म्हणून विजेचा एक दिवा आत नेऊन ठेवला. बाहेर हजारो लोकांची जत्रा जमली. ४ फेब्रुवारीला वाट ढासळली. वरून खणलेली विहीर १६ फेब्रुवारीला त्याच्यापाशी पोचली तेव्हा तो मेलेला होता.

त्याला ऊब देण्यासाठी जो दिवा नेला तसलाच एखादा दिवा पहिल्या दिवशी त्याच्या कपाळावर असता तर? इतिहासात 'तर'ला जागा नसते हे मी मुलांना शिकवतो. पण कंदील कलंडल्यावर तो अंधारात सरपटला, हे तर खरे आहे.

युरोपातल्या गुहा शोधणाऱ्यांनी दोन दिवे शिरस्त्राणावर आणले. फ्रान्समध्ये ग्रनोब्लजवळ दाँ द क्रोल नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटातील गुहेत पिएर शेवालिए आणि त्याचे सोबती १९४७ साली ६५८ मीटर खोलीपर्यंत गेले. तोवर इतक्या खोल कोणी गेले नव्हते. त्या सोबत्यांत फेर्नां पेत्झल नावाचा एक कारागीर होता. आज गिर्यारोहकांच्या हेडलॅम्पवर दिसणारे पेत्झल हे नाव त्याचेच. बॅटरीसकट सगळा दिवा डोक्याच्या पट्ट्यावर बसवण्याची सोय त्याच्या कारखान्याने १९७३ साली बाजारात आणली. गुहावाल्यांच्या शिरस्त्राणावर पुढची कित्येक वर्षे कार्बाइडची ज्योत आणि विजेचा दिवा अशी जोडी नांदत होती. ज्योतीचा उजेड पसरट आणि उबदार, पण धबधब्याखाली ती विझे. तेथे विजेचा दिवा कामी येई. विजेची बॅटरी संपे, तेथे ज्योत कामी येई. दोघांची मरणे वेगळी होती, म्हणूनच जोडी टिकली.

हे वाक्य लिहिताना मी थांबलो, कारण सगळे मर्म त्यातच आहे. दोन दिवे एकाच बॅटरीवर चालत असतील तर ते दोन नव्हेत, एकच. बॅटरी गेली की दोन्ही गेले. खाणीच्या दिव्यातला बारीक बल्ब काच उडाल्यावर उपयोगी, बॅटरी संपल्यावर निरुपयोगी. माझ्या विद्यार्थ्याने दोन दिव्यांना दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या आणि दोन बटणे ठेवली होती, हे मला आता आठवले. पण पट्टा? पट्टा तर एकच. पट्टा तुटला आणि खोल पाण्यात पडला तर दोन्ही दिवे एकदम जातात. या शंकेचेही उत्तर जुन्या लोकांनी देऊन ठेवले आहे. जाणते गुहावाले तीन दिवे बाळगतात, दोन डोक्यावर असले तरी तिसरा अंगावर दुसरीकडे. पाण्याने भरलेल्या गुहांत पोहणाऱ्या शेक एक्सली या अमेरिकनाने अपघातांचा एकेक करून अभ्यास केला आणि १९७९ साली नियम लिहून काढले. त्यांत दिवे निदान तीन असावेत असे आहे. हवेविषयी नियम असा की, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखून ठेवायला. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी मृत्यूतून आला आहे.

२०१८ साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले. २३ जूनला आत गेलेली ती मुले २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन या दोन ब्रिटिश पाणबुड्यांना सापडली. पाणी उपसण्याच्या कामी आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसेही गेली होती, याचा आपल्याला अभिमान वाटला. त्या पाणबुड्यांची छायाचित्रे मी पुन्हा काढून पाहिली. शिरस्त्राणाच्या दोन्ही अंगांना दिवे बांधलेले होते. गढूळ पाण्यात त्यांचाही उजेड हातभर पुढे जात नव्हता आणि पाणबुडे दोरी धरून सरकत होते. तरी दिवे दोन-दोन होते. जेथे एकाचाही उपयोग थोडा, तेथेही दुसरा घेतल्यावाचून ही माणसे आत उतरली नाहीत.

आपल्या देशाचा हिशेब यात आल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसले आणि ३७५ माणसे गेली. तेथे कोणाच्या डोक्यावर किती दिवे होते याला काही अर्थ नव्हता. पाण्याच्या लोंढ्यापुढे दिवा काय करणार? हे अशासाठी सांगतो की, दुसरा दिवा म्हणजे ताईत नव्हे. मालकाने आणि सरकारने करायच्या गोष्टी त्याने होत नाहीत. खाणीच्या तोंडाशी दिवे देण्याघेण्याची खोली असते. खाली जाताना माणूस तेथून आपल्या नंबराचा दिवा घेतो आणि वर आल्यावर परत ठेवतो. पाळी संपल्यावर ज्या खुंटीवर दिवा परतला नाही, तो माणूस परतला नाही असे समजतात. दिव्याचा सगळा इतिहास त्या रिकाम्या खुंटीपाशी येऊन थांबतो. दिवा आत जाण्यासाठी असतो असे आपण समजतो. तो परत येण्यासाठी असतो.

हे सगळे वाचून झाल्यावर गेल्या दिवाळीत मी त्या मुलाच्या घरी गेलो. ओसरीवर पणत्यांची ओळ होती. वाऱ्याने एखादी विझली की त्याची धाकटी बहीण शेजारच्या पणतीवर वात टेकवून ती पुन्हा लावीत होती. मुलगा घरी नव्हता. आमच्याकडे त्या दिवसांत शेतीला वीज रात्रीची मिळे. चुलत्याबरोबर तो गव्हाला पाणी द्यायला शेतावर गेला होता. बांधावर रात्री साप असतात आणि हातात फावडे असते, म्हणजे कंदील धरायला हात उरत नाही. "पट्टा घेऊन गेलाय," आई म्हणाली. "दोघं असले का एक जण घालते, अन् दुसऱ्याच्या खिशात लहान बॅटरी राहते."

म्हणजे तिसरा दिवाही होता. कोणी शिकवला? कोणी नाही. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर एक्सलीचे नाव घ्यावे लागले असते आणि त्या माउलीला ते उगीच वाटले असते.

शाळेतली ती वही अजून कपाटात आहे. सुटी संपल्यावर मी ती काढली आणि माझ्या जुन्या शेऱ्याखाली तारीख घालून लिहिले: 'कल्पना जुनी आहे. निदान दोनशे वर्षांची. परीक्षकाला ते ठाऊक नव्हते.' सही केली. मग मुलाला स्टाफरूममध्ये बोलावून ते वाचायला दिले. त्याने दोनदा वाचले. मान वर करून म्हणाला, "सर, टाळूवरची पट्टी अजून ढिली होते. ती कशी बसवावी?"

त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आम्ही दोघे शोधतो आहोत.